पानात बांधलेली मासळी

बोईसरला मी लग्न होऊन आले चौऱ्याऐंशी साली. सासरी ताटातल्या तांदळात माझं नाव लिहिलं गेलं, स्वाती, आणि आठवड्याच्या आत मासळी बाजारात नलूमावशीने ते पुसून टाकलं. तिथे मी ‘हिरव्या बंदाची’ झाले, कारण माझ्या कापडी पिशवीचे बंद हिरवे होते. पुढे पिशव्या फाटल्या, बंद बदलले, मला नातवंडं झाली, तरी मावशी मला हिरव्या बंदाचीच म्हणते. तिला माझं खरं नाव माहीत आहे की नाही याची मला आजही खात्री नाही.

नलूमावशी तारापूरच्या किनाऱ्यावरच्या, मासेमारी करणाऱ्या मांगेला घरातली. सासूची पाटी तिच्या डोक्यावर आली तेव्हा ती वीस वर्षांची होती. आता सत्तरीला टेकली आहे आणि बाजारात त्याच ओट्यावर, त्याच खांबाला पाठ लावून बसते. तिच्याशी भाव करता येतो. म्हणजे आपण भाव सांगतो, ती शांतपणे ऐकून घेते, मान हलवते आणि मग पुन्हा स्वतःचाच भाव सांगते. एवढ्या वर्षांत मी एकदाही जिंकलेली नाही, आणि जिंकले असते तर मासा शिळा आहे असंच मला वाटलं असतं.

पिशवीवरून माणसाला नाव द्यायची तिची खोड अशीच आलेली नव्हती, त्यामागे कारण होतं. त्या काळी कारखान्यात सकाळच्या पाळीला जाणारी माणसं बाजारावरून जाताना आपली कापडी पिशवी मावशीच्या ओट्यावर टाकून जायची. काय हवं ते सायकलवरूनच ओरडून सांगायची. दुपारी पाळी सुटली की साफ केलेली मासळी आत घातलेली पिशवी उचलून घरी. वीस-पंचवीस पिशव्या तिच्या पाठीमागच्या दोरीवर लटकत असायच्या. मावशीला लिहिता येत नाही. खाकी पँटच्या पिशवीत मांदेली, चौकड्याच्या पिशवीत बोंबील, शाळेच्या निळ्या कापडाच्या पिशवीत करंदी, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. एकदा दोन चौकडे एकाच दिवशी आले. तेव्हा तिने एकाची पिशवी परत दिली आणि उद्यापासून दुसऱ्या कापडाची आणायला सांगितलं. तो बिचारा दुसऱ्या दिवशी बायकोच्या परकराची पिशवी घेऊन आला आणि निवृत्त होईपर्यंत ‘परकरवाला’ राहिला.

आता तुम्ही म्हणाल, कापडाच्या पिशवीत ओली मासळी? वास नाही यायचा? पाणी नाही गळायचं? नाही. कारण मासळी पानात असायची. सागाची दोन थोरली पानं एकावर एक आडवी टाकायची, खरखरीत बाजू आत, म्हणजे मासा घसरत नाही. मग चारी बाजूंनी घडी आणि वरून सालीच्या दोरीचा एक वेढा. तो पुडा पिशवीच्या तळाशी ठेवून त्यावर भाजी, त्यावर पाव, असं सगळं एकाच पिशवीतून घरी येत असे. घरी पुडा उघडला की आधी पानाचा वास यायचा आणि मागाहून मासळीचा. तो वास मला फार आवडायचा. आज त्याबद्दल लिहितानाही जीव थोडा कासावीस होतो, आणि असा जीव पानासाठी व्हावा याचं माझं मलाच हसू येतं.

ही पानं आणायची ठमी. नागझरीच्या पलीकडच्या पाड्यावरची वारली बाई, मावशीच्याच वयाची, अंगाने काटक आणि बोलायला अगदी कमी. पहाटे निघून डोक्यावर पानांचा भारा घेऊन चालत यायची. भारा मावशीच्या ओट्याखाली ठेवायची आणि शेजारी टेकायची. दोघींत पैशाचा व्यवहार नव्हता. पानांना मासळी, असं ठरलेलं होतं, म्हणजे ठरवलेलंही कुणी नव्हतं. पावसात सुके बोंबील, एरवी जे जाळ्यात येईल ते. ठमी जाताना तिचाही एक पुडा असायचा, तिच्याच पानात बांधलेला. मावशी मोठ्या आवाजात जगाच्या भानगडी सांगायची आणि ठमी ऐकता ऐकता पानं लावायची, मोठी खाली, लहान वर. मला वाटायचं, या दोघी बहिणी असत्या तर इतक्या गोडीने बसल्या नसत्या.

मग झबला आला. बाळाच्या झबल्यासारखी दिसणारी ती पातळ प्लॅस्टिकची पिशवी. पंचाण्णव-शहाण्णव साल असेल. मी काही तेव्हा विरोध वगैरे केला नाही, उलट मला तो आवडला. पिशवी विसरली तरी चालतं, घरी जाऊन धुवायची नाही, वाळत घालायची नाही. हळूहळू मावशीच्या मागची दोरी रिकामी झाली. लोक हात हलवत येऊ लागले. मावशी झबला तोंडाशी धरून फुंकर मारायची, तो फुगून उघडायचा, त्यात मासे, गाठ, पुढचा. ठमी दिसेनाशी झाली. मी एकदा विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, “येत नाय आता.” एवढंच म्हणाली आणि कोळंबीकडे वळली. मीही पुढे विचारलं नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी बंदी आली. चार महिने झबले ओट्याखाली लपले आणि मग वर आले. पण गेल्या वर्षी पावसात आमच्या इमारतीमागचा नाला तुंबला, तळमजल्यावर पाणी शिरलं, आणि नाल्यातून निघालेला ढीग पाहून आम्हा बायकांना उपरती झाली. मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे पुढारीपण माझ्याकडे आपोआप येतं. आमचे हे म्हणतात, आपोआप येत नाही, मी जाऊन घेते. जुन्या चादरी, पडदे गोळा करून आम्ही दोनशे कापडी पिशव्या शिवल्या. वाण्याकडे वाटल्या, भाजीवाल्यांकडे वाटल्या आणि मोठ्या ऐटीत मी नलूमावशीसमोर उभी राहिले.

मावशीने पिशवी हातात घेतली, उलटीपालटी केली, शिवण ओढून पाहिली. “शिवण बरी हाय,” ती म्हणाली. “आता यात ओलं बोंबील टाकू?”

“टाका की.”

“आन् उद्या हीच पिशवी घेऊन तू देवलात जाशील?”

“पूर्वी नव्हतो का आणत?” मी म्हटलं.

“पूर्वी पान होतं, बाय,” मावशी म्हणाली, आणि पिशवी घडी करून माझ्या हातात परत दिली.

मग पानं आणायची, असं मी ठरवलं. माझा स्वभावच तसा आहे, कुणी अडचण सांगितली की मला ती आव्हान वाटते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, बाजार भरला, आणि बाजारातल्या बायकांनीही या खेपेला झबला बंद करायचं मनावर घेतलं. टेंपोतून झाडपाला आणणाऱ्या एकाला मी गाठलं. त्याने सागाच्या पानांचे दोन भारे आणून टाकले. पानं लुसलुशीत, ताजी, पाहूनच मन प्रसन्न झालं. मावशीने जुन्या सवयीने दोन पानं आडवी टाकली, घडी घातली. तिचे हात काही विसरले नव्हते. मी तिथेच उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला पिशवी देत होते. त्या दिवशी चाळीसेक घरांत मासळी पानात आणि पान पिशवीत, असं गेलं. मी घरी येऊन यांना सांगितलं की बोईसरमध्ये जुने दिवस परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात माझ्या आधी तीन बायका पोचल्या होत्या. त्यांच्या हातात आम्ही शिवलेल्या पिशव्या होत्या आणि पिशव्यांवर लालभडक डाग. एकीने तर पापलेटच परत आणलं होतं. पांढऱ्या पापलेटाच्या अंगावर लाल ओघळ. “शिळ्या माशाला रंग लावून विकता काय?” ती विचारत होती, आणि चांगलाच आवाज चढवून विचारत होती.

नलूमावशीला मासा शिळा आहे असं कुणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तिचा आवाज सगळ्या बाजाराला पुरून उरणारा, पण ती एक शब्द बोलली नाही. तिने ते पापलेट घेतलं, दुसरं दिलं, पानात नाही, तिच्या स्वतःच्या डब्यात घालून. त्या बायका गेल्यावर तिने उरलेल्यातलं एक पान उचललं आणि तळहातावर चोळलं. हात लाल झाला.

“ठमीचं पान कदी असं लाल नाय उतरलं,” ती म्हणाली.

“मग हे का उतरलं?”

“मला काय ठावं? मी दर्याची बाय. मासा कुठला, किती वेलचा, ते मला विचार. पान ठमी बघायची.” मग ती बराच वेळ त्या लाल हाताकडे बघत बसली, आणि मी न विचारता तिने मला ठमीच्या शेवटच्या दिवसाचं सांगितलं.

झबल्याचा पहिला गठ्ठा मावशीने खिळ्याला अडकवला होता, त्याच सकाळी ठमी भारा घेऊन आली. ठमीने गठ्ठा पाहिला. नेहमीसारखी शेजारी बसली, पानं लावत. गिऱ्हाईक येत होतं, मावशी झबले भरत होती. उद्यापासून थोडीच आण, असं सांगावं, की आणूच नको म्हणावं, की झबल्याबरोबर पानंही ठेवू म्हणावं, मावशीला काही सुचत नव्हतं. दुपार झाली. भारा तसाच होता. मावशीने बोंबलांचा वाटा पुढे केला तेव्हा ठमी उठली आणि म्हणाली, “पान नाय घेतलंस, तं मासली कशाची?” आणि भारा तिथेच ठेवून निघून गेली.

“मी हाकच नाय मारली तिला,” मावशी म्हणाली. “एवढा गला माजा. सगल्या बाजारावर ओरडते. आन् तवा उगडलाच नाय. तीस वर्सं झाली, बाय. त्या घरात मासली गेली नसंल माज्यामुले. आता जाऊन तिच्यासमोर उभी तरी राहीन. मग तिनं हाकलून दिलं तरी चालंल.”

ठमीला शोधायला किती दिवस लागतील याचा मी हिशेब करत होते. लागली दहा मिनिटं. स्टेशनजवळ रानभाजी विकायला बसणाऱ्या बायकांना मी विचारलं. त्यातल्या एकीने भाजीची जुडी बांधता बांधताच सांगितलं की ठमी हाय, त्याच पाड्यावर हाय, कालच भेटली. मी परत येऊन मावशीला जरा रागावूनच म्हटलं, “या बायका रोज तुमच्यासमोरून जातात. तीस वर्षांत एकदा विचारलं का नाहीत?”

“विचारलं असतं तर सापडली असती ना,” मावशी म्हणाली.



दोन दिवसांनी आम्ही रिक्षा केली. मावशीने नवी साडी नेसली होती, अंबाडा घट्ट बांधला होता. माझ्याकडे ती डाग पडलेली पिशवी होती, दाखवायला. नागझरी सोडली तशी मावशीचे ओठ मध्येच हलायला लागले, ती मनात काहीतरी पाठ करत होती. माझ्या वर्गातली मुलं कविता म्हणायला उठायच्या आधी अशीच दिसायची. डांबरी रस्ता संपला तिथे रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं आणि भाताच्या बांधावरून चालत गेलो. मावशीची चाल वाळूवरची. चिखलाच्या बांधावर ती दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा माझ्यावर खेकसली.

पाड्यावरचं तिसरं घर. अंगणात कुणी नव्हतं. मागच्या शेतातून एक म्हातारी बाई वर आली, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात भाताच्या बेणणीत उपटलेलं गवत. केस पांढरे झाले होते, पण चालण्यावरून मीसुद्धा ओळखलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. गवत खाली टाकलं.

“नलू,” ती म्हणाली.

मावशी इतका वेळ पाठ करत होती त्यातलं काहीच आलं नाही. “ठमे,” ती म्हणाली, “पान लाल उतरतं गं.”

मी डोक्याला हात लावला. पण ठमीने माझ्याकडची पिशवी घेतली, डागावरून अंगठा फिरवला आणि हसली. “शेंड्याचं पान तोडलंय कुनी. कवलं पान लाल सोडतंच.” तिने घरामागच्या सागाकडे आम्हाला नेलं. वरची कोवळी पानं तशीच ठेवायची, खालचं जून पान घ्यायचं. तोडायच्या आधी कडेचा तुकडा अंगठ्याने रगडून बघायचा, लाल आलं तर सोडून द्यायचं. एवढं साधं होतं. मावशी मन लावून ऐकत होती, मध्येमध्ये मान हलवत होती. भाव करणाऱ्या गिऱ्हाइकापुढे हलवते ती मान ही नव्हती.

सांगून झालं. ठमीने हातातलं पान खाली टाकलं. “तं पानासाठी आलीस,” ती म्हणाली.

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच गोडीने संपलं असतं. मला वाटलं मावशी हो म्हणेल.

“नाय,” मावशी म्हणाली. “पान कुनाकडून बी शिकली असती. त्या दिवशी मी तुला एक शब्द बोलली नाय. त्यासाठी आली.”

ठमी अंगणाच्या कडेच्या दगडावर बसली आणि पायावरचा चिखल खरवडत म्हणाली, “मी आलती परत.”

“कवा?”

“दुसऱ्या रोजी. तिसऱ्या बी. आठ रोज आली मी. टेशनच्या जिन्याकडं उभी राही, भारा डोकीवर घेऊन. तिथून तुजा ओटा दिसं. वाटं, तू बघशील, हाक मारशील. तू पिशव्या फुकत व्हतीस. एक डाव बी मान वर नाय केलीस.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं ती सांगत होती. “मग आमी वैतरणेला गेलो, रेती उपसाया. पाच वर्सं गेलो.”

मावशी उभीच होती. “मला वाटलं, तू रागावलीस म्हनून येत नाय.”

“रागावली व्हतीच,” ठमी म्हणाली. “म्हनून काय येऊ नाय?”

तेव्हा मावशी रडली. नवरा गेल्यावर पंधराव्या दिवशी ही बाई बाजारात येऊन बसली होती आणि गिऱ्हाइकांशी नेहमीसारखी भांडली होती; तिला रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. पदर तोंडाला लावून, आवाज न करता, बराच वेळ. मी पुढे व्हायला निघाले, पण ठमीने हातानेच मला थांबवलं. तिला घाई नव्हती. आठ दिवस तिने वाट पाहिली होती आणि त्यानंतर तीस वर्षं, त्यापुढे हे काहीच नव्हतं. आणि मला माझीच लाज वाटली, कारण त्या आठ दिवसांत कधीतरी मीही जिन्यावरून उतरून, तिच्या शेजारून जाऊन, हात हलवत मासळी आणायला गेले असणार.

मावशीने तोंड पुसलं. मग तिचा तो बाजारातला आवाज, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असा, बाहेर आला.

“ठमे, उद्या पान घेऊन ये.”

ठमीने शेताकडे पाहिलं, खाली टाकलेलं गवत उचललं.

“उद्या नाय. उद्या भाताची बेणणी हाय,” ती म्हणाली. “परवा येन.”